जीपीएस, टॅली आणि ड्रायव्हरचा पगार : नेमकं कशाला काय जोडायचं?

दिवाणजी_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ऑपरेशन्स बघतो. ट्रक, ट्रेलर, कंटेनर धरून तीस-पस्तीस गाड्या घरच्या, बाकी बाजारातून लागतील तशा उचलतो. माल बहुतेक ऑटो पार्ट्सचा. न्हावा शेवा रोजचंच, शिवाय होसूर, साणंद.

प्रत्येक गाडीला जीपीएस आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना केबिनमध्ये कॅमेराही बसवलाय, डोळा लागला की बोंबलणारा. पण सगळं आपापल्या जागी. ट्रिप आणि बिल्टी (माल पाठवल्याची पावती) एका सॉफ्टवेअरमध्ये, खर्च टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर), हजेरी-पगार तिसरीकडे आणि वर्कशॉपचा कारभार मिस्त्रींच्या वहीत. जीपीएसचे अलर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. इतके येतात की ग्रुप सगळ्यांनी म्यूट केलाय, मालकांनीसुद्धा.

मध्यंतरी आमची एक गाडी खंबाटकीच्या पुढे उभ्या कंटेनरला मागून धडकली. ड्रायव्हर वाचला, पाय मोडला. तेव्हापासून मालकांनी घेतलंय की सगळं एकमेकांना जोडायचं. पहिला हुकूम असा: ओव्हरस्पीडचा अलर्ट थेट पगाराच्या सॉफ्टवेअरला जोडा, महिनाअखेरीला कपात आपोआप झाली पाहिजे.

मला हे पटत नाही. पण मालकांसमोर नुसतं "पटत नाही" चालत नाही. कुणी असं जोडकाम केलंय का? सुरुवात कुठून करावी?

कोडकुटे

हेच काम करतो म्हणून लिहितो. एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून डेटा घ्यायची सोय, आजकाल बहुतेक सगळे जीपीएसवाले देतात, अडतं तिथे नाही. अडतं ते "गाडी कोण चालवत होतं" यावर.

डिव्हाइसला गाडी कळते, माणूस कळत नाही. माणूस तुमच्या ट्रिपच्या नोंदीत असतो, आणि ती नोंद गाडी निघाल्यावर किती वेळाने होते ते तुम्हालाच ठाऊक. वाटेत कोल्हापूरला ड्रायव्हर बदलला आणि ऑफिसात कुणी लिहिलंच नाही, की पुढचे सगळे अलर्ट घरी झोपलेल्या माणसाच्या नावावर. त्यावर पगार कापलात तर पहिल्याच महिन्यात भांडण.

दुसरं, गाडीचा नंबर. जीपीएसमध्ये सलग लिहिलेला, टॅलीत मध्ये डॅश, बिल्टीवर नुसते शेवटचे चार आकडे. माणसाला तो एकच नंबर दिसतो, सॉफ्टवेअरला तीन गाड्या दिसतात. एकच पद्धत ठरवा, ड्रायव्हरसाठी लायसन्स नंबर हीच ओळख धरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कुठलाही व्हेंडर तुमच्यासाठी करून देणार नाही.

तिसरी गंमत वेळेची. बरीचशी डिव्हाइस वेळ ग्रीनिच प्रमाणे पाठवतात. रूपांतर करायला विसरलं तर साडेपाच तासांचा फरक पडतो. म्हणजे रात्री २ वाजताचं ड्रायव्हिंग अहवालात आदल्या रात्री साडेआठचं दिसतं. आणि रात्री २ ते पहाटे ५ याच वेळेत डुलकीचे अपघात जास्त होतात, त्यामुळे नेमकं जे शोधायचं तेच गायब. एका क्लायंटकडे असा अहवाल कित्येक महिने चालू होता आणि "आमच्याकडे नाइट ड्रायव्हिंग जवळपास नाहीच" म्हणून खुशीत होते मंडळी.

घाटावरचा_मालक

दिवाणजी, तुमच्या मालकांचं काय चुकलं? मी स्वतः गाड्या पाळतो. समजावून सांगणं, ट्रेनिंग, चहा-बिस्किटं, सगळं करून झालं. खिशाला हात घातला तेव्हाच वेग उतरला. शिवाय अ‍ॅव्हरेज चांगलं काढणाऱ्याला बक्षीस ठेवलं, ते जीपीएस आणि डिझेलच्या पावत्यांवरून आपोआप निघतं. डिझेल कमी झालं. ऑफिसात बसून तत्त्वज्ञान सांगायला काय जातं?

स्टेअरिंगमागे

मालक, वेग उतरला हे खरं. पुढचं मी सांगतो. बरीच वर्षं चौदा टायर चालवला, आता लोकल टेम्पोवर आहे.

कपात सुरू झाली की ड्रायव्हर ८० च्या खालीच ठेवतो, वरती जातच नाही. मग वेळ कुठून भरून काढायचा? जेवण उरकतो, झोप मारतो. अलर्ट शून्य, पगार पूर्ण, आणि गाडीवर सलग सोळा-सतरा तास. ज्याला ते जमत नाही त्याच्या जीपीएसची वायर "ढिली" होते. कॅमेऱ्यावर गमछा पडतो.

आणि एक गोष्ट ऑफिसातल्या लोकांना स्क्रीनवर कधीच दिसत नाही. कंपनीच्या गेटवर गाडी उभी आहे, इंजिन बंद, जीपीएसवर लाल ठिपका. तुम्ही म्हणता आराम चाललाय. अहो तिथे रांग असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढची गाडी सरकते, आपण पण सरकवायची. नाही सरकवली तर मागचा शिव्या घालत मध्ये घुसतो. नंबर लागला की ताडपत्री सोडायची, दोर काढायचे, माल उतरताना पेट्या मोजायला उभं राहायचं. बारा तास असे काढल्यावर पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) सही मिळते आणि पाच मिनिटांत फोन: "खाली झालास ना? मग लगेच तिकडून लोड घे, सकाळी पोचायचंय."

खंबाटकीच्या पुढच्या त्या अपघाताआधी तुमच्या ड्रायव्हरने किती तास असे काढले होते, ते काढा एकदा. वेग किती होता ते नंतर.

दिवाणजी_चाकण

काढलं. जीपीएसवर उभी असलेली वेळ आणि आमच्या सॉफ्टवेअरमधली गेट-इन, पीओडीची वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आधीच्या दिवशी गाडी होसूरला सकाळी ७ ला गेटवर, खाली झाली संध्याकाळी ६ वाजून गेल्यावर, निघाली ७ ला. आमच्या अहवालात तो जवळजवळ अख्खा दिवस "विश्रांती" म्हणून हिरव्या रंगात आहे. धडक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. वेग ६० च्या आत होता, ओव्हरस्पीडचा एकही अलर्ट नाही.

ती ट्रिप त्याला आमच्याच टेबलावरून दिली होती.

राईनकाठी

मी जर्मनीत एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. इथे ट्रकमध्ये टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हिंगचे तास नोंदणारं यंत्र, सक्तीचा. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात फार तर दोनदा १०. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: हा आकडा ड्रायव्हरला दिसतो तसाच प्लॅनरलाही दिसतो. ड्रायव्हरच्या नावापुढे "आज उरलेले तास" लिहून येतात. तासात न बसणारी ट्रिप त्याच्या नावावर टाकायला गेलात की आमचं सॉफ्टवेअर अडवतं. माल चढवणं-उतरवणं ही टॅकोग्राफवर वेगळी खूण असते, ती विश्रांतीत धरत नाहीत. गेटवरच्या रांगेचा प्रश्न म्हणूनच निदान कागदावर तरी लपत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक असले तरी डेटा एकाच साच्यात मिळावा म्हणून इथल्या ट्रक उत्पादकांनी एक सामाईक पद्धत ठरवली आहे, आरएफएमएस नावाची. त्यामुळे जोडणी सोपी जाते. आणि कामगारांच्या वर्तनावर नजर ठेवू शकणारी यंत्रणा आणायची तर कंपनीतल्या कामगार प्रतिनिधी समितीची संमती लागते. केबिनमधल्या कॅमेऱ्यांवर अशी चर्चा महिनोन्महिने चालते. कंटाळा येतो, पण नंतर गमछा पडत नाही.

वाचनमात्र_आता_बोलतो

भारतात असे तासांचे नियम नाहीतच ना?

कोडकुटे

आहेत की. १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच होते (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली): दिवसाला ८ तास, सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, सगळं मिळून कामाचा पसारा १२ तासांच्या आत, आणि एक ड्यूटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. १९८८च्या मोटर वाहन कायद्याचं कलम ९१ पण त्याकडेच बोट दाखवतं. नव्हतं ते मोजायचं साधन. ते आता प्रत्येक गाडीत बसलंय आणि आपण त्यातून फक्त वेग मोजतोय.

अजून एक. ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. चाकण-होसूर नऊशेच्या आसपास धरा, म्हणजे सरकारच्या हिशोबाने पाच दिवस मिळतात. घाई सरकारची नाही. घाई आपण रेट मागताना कबूल केलेल्या वेळेची आहे.

घाटावरचा_मालक

कबूल केली नाही तर ऑर्डर शेजारच्याला जाते. त्यांच्या कारखान्याची लाइन थांबली तर दंड आमच्या बिलातून कापतात. हे जर्मनीतून दिसत नसेल.

राईनकाठी

दिसतं. इथेही पूर्व युरोपातल्या स्वस्त गाड्या येऊन रेट पाडतात म्हणून रोज बोंब असते. फक्त इथे नियम मोडला तर ड्रायव्हरबरोबर मालकालाही दंड होतो.

वर्कशॉपवाला

मालक, तुमच्या अ‍ॅव्हरेजच्या बक्षिसाबद्दल बोलायचंय. राग मानू नका.

कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने पंचेचाळीसच्या वर गाड्यांना ठोकरलं, पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. त्यानंतरही त्या उतारावर अपघात होतच राहिले. कारण बऱ्याचदा तेच: डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची. न्यूट्रलमध्ये इंजिनचा ब्रेक जातो, एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग राहत नाही, सगळा भार पायाच्या ब्रेकवर. लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) तापतात, वास येतो, मग ब्रेक लागतच नाही. वर कुणी चावी बंद केली तर कॉम्प्रेसर थांबला, हवा भरणं बंद, पॉवर स्टेअरिंग पण गेलं.

आता गंमत अशी की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, चाकं इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे जीवही धोक्यात आणि वाचत काहीच नाही. पण जुन्या पंपाच्या गाड्यांवर शिकलेल्या ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि वरून अ‍ॅव्हरेजचं बक्षीस लावलं की तो प्रत्येक उतारावर लिव्हर बाहेर काढतो.

नुसत्या जीपीएसला यातलं काहीही कळत नाही, त्याला फक्त "५५ चा वेग, मर्यादेत" दिसतं. इंजिनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) घेतला तर लगेच कळतं. भरलेली गाडी ५५ ने उतरतेय आणि आरपीएम ६०० च्या आसपास, म्हणजे न्यूट्रल. गिअरमध्ये असती तर हजाराच्या वर असता. एवढा एक नियम लिहायला फार हुशारी लागत नाही. हा नियम बक्षिसाच्या हिशोबाला जोडा: न्यूट्रल सापडलं तर त्या ट्रिपचं अ‍ॅव्हरेज धरायचं नाही.

घाटावरचा_मालक

हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. जीपीएसवाल्याने विकताना नुसतं "फ्युएल सेव्हिंग, फ्युएल सेव्हिंग" केलं.

वर्कशॉपवाला

ते विकायला आले होते, तुमचे लायनर बदलायला नाही :-)

दिवाणजी, मिस्त्रींच्या वहीचं पण बघा. ड्रायव्हर गाडी लावताना म्हणतो "ब्रेक जरा खाली जातोय". मिस्त्री म्हणतो उद्या बघू. उद्या सकाळी तुमच्या टेबलावरून ट्रिप निघते, कारण तुम्हाला ते माहीतच नसतं. ही तक्रार ट्रिपच्या सॉफ्टवेअरमध्ये आली पाहिजे, आणि ब्रेक, स्टेअरिंग, टायर या तीनपैकी काही उघडं असेल तर त्या गाडीची बिल्टीच बनू नये. मोबाईलवर फोटो आणि मराठी-हिंदीतून आवाजात तक्रार, एवढंच ठेवा. वीस प्रश्नांची चेकलिस्ट दिलीत तर ड्रायव्हर डोळे मिटून सगळीकडे "ओके" करतो.

उलट बाजूही जोडा. एकाच गाडीचे जोरात ब्रेक मारल्याचे अलर्ट अचानक वाढले, तर ड्रायव्हरला फोन करायच्या आधी गाडी पिटवर घ्या. कधी कधी एका चाकाचा ब्रेक पकडत नसतो, म्हणून बिचारा जोरात दाबत असतो.

कोडकुटे

+१. आणि जोरात ब्रेकचा आकडा सगळ्या गाड्यांना एकच ठेवू नका. रिकामा छोटा हत्ती आणि भरलेला ट्रेलर यांना एक माप लावलं तर टेम्पोवाला रोज गुन्हेगार आणि ट्रेलरवाला कायम संत. खड्ड्यांचा मार पण त्यात ब्रेक म्हणून मोजला जातो. पावसाळ्यात आमच्याकडे अलर्ट दुप्पट होतात, ड्रायव्हर तेच असतात.

शाळाबस_सासवड

अवांतर: आमच्या बसला बसवलेलं एआयएस-१४० वालं (सरकारी मानकाचं जीपीएस) डिव्हाइस यात चालेल का?

कोडकुटे

ते २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना सक्तीचं झालं, जागा आणि पॅनिक बटण यासाठी. जागा आणि वेग मिळेल, इंजिनचं फारसं काही नाही. तुम्हाला गरज वेगळी आहे: बस, मुलांची यादी आणि पालकांचा मेसेज. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

विमा_आणि_वगैरे

अपघाताचे क्लेम बघतो. दोन गोष्टी सांगतो.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कार्डावर फिरतं असतं, काही दिवसांत जुन्यावर नवं बसतं. जोराचा धक्का नोंदला गेला की मागची-पुढची काही मिनिटं आपोआप सर्व्हरवर जाऊन अपघाताच्या फाइलला चिकटतील अशी सोय करून घ्या. कित्येकदा ड्रायव्हरची काहीच चूक नसते, पुढची रिक्षा अचानक आडवी आलेली असते, आणि पुरावा गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पुसला जातो. मोठ्या गाडीवाल्याला लोक आधी धरतात, त्यामुळे हा कॅमेरा ड्रायव्हरच्या बाजूचा साक्षीदार आहे. हे त्याला सांगितलं तर त्याचा विरोध बराच मावळतो.

दुसरी गोष्ट मालकांना आवडणार नाही. डेटा जोडला म्हणजे तुम्हाला माहीत होतं असा अर्थ निघतो. ड्रायव्हरला पंधरा दिवस पहाटे डुलकीचे अलर्ट येतायत, तुमच्या स्क्रीनवर आहेत, आणि तरी त्यालाच रात्रीची ट्रिप दिली, तर उद्या वकील तोच अहवाल तुमच्यासमोर धरेल. बघायचं नसेल तर जोडू नका, आणि जोडलंत तर कुणीतरी एका माणसाने रोज बघायचं हे ठरवा. ग्रुपवर टाकणं म्हणजे बघणं नव्हे.

स्टेअरिंगमागे

फोनमधल्या अ‍ॅपचं पण बोला कुणीतरी. ड्यूटी संपल्यावर घरी आहे तरी लोकेशन चालू. बायको विचारते तुमचे साहेब आपल्या लग्नकार्याला पण येणार का.

कोडकुटे

बरोबर आहे. ट्रिप बंद झाली की लोकेशन बंद, हे सॉफ्टवेअरमध्येच बांधता येतं. कुठला डेटा कशासाठी घेताय हे साध्या भाषेत सांगायची अट तसंही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. हिंदी-मराठीत एक पानाचा कागद करा, त्यात लिहा की काय नोंदतो, कोण बघतो, किती दिवस ठेवतो. आणि ड्रायव्हरला स्वतःची नोंद बघता आली पाहिजे, नाहीतर चुकीच्या नावावर गेलेला अलर्ट त्याला कळणार कसा?

दिवाणजी_चाकण

सगळ्यांचे आभार. काल मालकांशी बसलो. होसूरच्या ट्रिपचा तो कागद पुढे ठेवला, वेगळं काही बोलावं लागलं नाही. पगाराची जोडणी सध्या बाजूला ठेवलीय, "सध्या" हा शब्द त्यांचा.

आधी फक्त होसूरच्या गाड्या घेतोय. ट्रिप बनवताना ड्रायव्हरच्या नावापुढे मागच्या २४ तासांतलं गाडीवरचं आणि गेटवरचं काम वेगवेगळं दिसेल, आणि मध्ये सलग ९ तास मोकळे नसतील तर ट्रिप बनणार नाही. अडलेली ट्रिप सोडायची असेल तर मालकांच्या लॉगिनवरूनच सुटेल आणि कारण लिहावं लागेल. हे शेवटचं मी घातलं, त्यांनी जरा माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाले. लायसन्सची मुदत, फिटनेस हेही तिथेच तपासायचंय.

कोडकुटे

लायसन्स आणि फिटनेससाठी सरकारचा युलिप प्लॅटफॉर्म बघा, २०२२ च्या लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आला. वाहन (गाड्यांची नोंदणी), सारथी (लायसन्स), फास्टॅग, ई-वे बिल सगळ्यांचा डेटा तिथून मागता येतो. फास्टॅग विशेष कामाचा: जीपीएस म्हणतंय गाडी चाकणला उभी आणि टोल कापला गेलाय आनेवाडीला, म्हणजे वायर ढिली झालीय.

गेटवरचा वेळ साठवून ठेवा. तीनेक महिन्यांनी कुठल्या कंपनीच्या दारात गाड्या किती तास सडतात याची यादी होईल. रेटचं बोलणं होतं तेव्हा ती घेऊन जा. हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) मागताना आपला शब्द विरुद्ध त्यांचा शब्द असं राहत नाही.

घाटावरचा_मालक

ही यादी मला पण हवी आहे. आमचा अर्धा पैसा गेटवरच जातो.

वर्कशॉपवाले, तो आरपीएमचा नियम लावायचाय. माझ्याकडे निम्म्या गाड्या बीएस-४, निम्म्या बीएस-६, दोन जुन्या पंपाच्या. सगळ्यांना होईल का? जीपीएसवाला म्हणतो वायरिंग कापून जोडावं लागेल.

वर्कशॉपवाला

पंपाच्या दोन सोडा, त्यांना तो डेटाच नाही. त्या घाटात पाठवू नका, जवळपास फिरवा. बाकीच्यांना बहुतेक मिळेल. वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीतली गाडी असेल तर अजिबात नाही. वायरला बाहेरून चिमट्यासारखी बसणारी क्लिप येते, ती नुसती वाचते, गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही. आधी एका बीएस-६ गाडीला लावून खंडाळ्याला उतरवून बघा, स्वतः शेजारी बसा, आणि आरपीएम मीटरवर काय दिसतं नि स्क्रीनवर काय येतं ते ताडून घ्या. जुळलं तरच बाकीच्यांचे पैसे द्या.

घाटावरचा_मालक

रविवारी जातो. क्लिप कुठे मिळते ते व्यनि करा.